ब्लेबिस्टॅटिन दिलेल्या पेशी लेझरखाली मरतात, काय करू?

पेशीवेडी: फायब्रोब्लास्टच्या (संयोजी ऊतीतल्या पेशी) थरावर ओरखडा काढून त्या कशा सरकतात ते बघतेय. मायोसिन-२ (पेशी आकसवणारं प्रथिन) थांबवायला २५ मायक्रोमोलर ब्लेबिस्टॅटिन हे औषध. पेशींत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) आहे, म्हणून ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर. तासाभरात पेशी गोल होऊन सुटतात. नुसतं डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) दिलेल्या मात्र ठणठणीत! सर म्हणतात, डोस वाढव. मला पटत नाही.

जुना_मायक्रोस्कोप: नकोच वाढवू. दोष निळ्या प्रकाशाचा आहे. त्यात ब्लेबिस्टॅटिन निकामी होतं, वर पेशींना विषारीही ठरतं. म्हणजे मायोसिन मोकळं आणि पेशी मेलेल्या. अशा आकड्यांतून काय कळणार? जीएफपीऐवजी एमचेरी (लाल चमकणारं प्रथिन) वापर, ५६१चा लेझर लाव. जीएफपीच हवं असेल तर पॅरा-नायट्रोब्लेबिस्टॅटिन घे, ते प्रकाशाला टिकतं. खिसा हलका होईल, पण इलाज नाही.

स्नेहल_के: माध्यमात बारीक चमकणारे कण दिसतात का? हे पाण्यात फार कमी विरघळतं, साका बसतो आणि तो स्वतःच चमकतो.

पेशीवेडी: दिसतात! मी त्यांना कचरा समजत होते. पण लेझर न लावलेल्या डिशमध्ये पेशींना लांबच लांब शेपट्या आल्यात.

जुना_मायक्रोस्कोप: मग औषध चाललंय. मागची बाजू ओढून घ्यायला मायोसिन-२ लागतं. ब्लेबिस्टॅटिन त्यातून फॉस्फेट सुटू देत नाही, त्यामुळे अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरची त्याची पकड ढिली राहते. कंट्रोलला (तुलनेसाठी) त्याच रेणूचं आरशातल्या प्रतिमेसारखं, निष्क्रिय आर-रूप ठेव. सरांना आधी शेपट्या दाखव, डोसचं नंतर बोल.