चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरला टकटक: टायमिंग की कार्ब्युरेटर?

साखळीकर३५०
बाबांची १९८९ ची कास्ट आयर्न बुलेट ३५०, पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीची वेळ यांत्रिक स्विचवर ठरणारी. चवथीआधी रिबोअर केली (सिलिंडर आतून मोठा कापला), पॉइंट नवे घातले, मोकळा सायलेन्सर आणि जाळीचा फिल्टर लावला, २४ चा कार्ब्युरेटर काढून २८ चा बसवला. पायथ्याचं केरी सोडून घाट चढायला लागलं की तिसऱ्यात, अर्ध्या-पाऊण थ्रॉटलला हेडमधून टकटक येते, बाटलीत खडे हलवल्यासारखी. थंड गाडीला किक मारली की उलटा झटका बसतो, परवा पोटरी सुजली. फिटरने मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) ११० चा काढून १२० चा घातला. आवाज तसाच. साखळी बाजारात मात्र गाडी भकभकते, काळा धूर टाकते.

डिचोली_रायडर
उंचीवर हवा विरळ, म्हणून मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी पडतं. अजून मोठा जेट टाक.

म्हापशाचा काका
नको रे! हवा विरळ झाली की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त, लीन नाही. चोर्ल्याला टकटक होते ती चढाच्या लोडने आणि तापलेल्या हेडमुळे. उलटी किक आणि टकटक एकत्र आली की आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, बघायचं. जेटला तोवर हात नको.

पहिला पॉइंटचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी. तो जास्त असेल तर पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. नवे पॉइंट घालून गॅप तसाच सोडलेल्या गाड्या मी कितीतरी बघितल्यात. मग ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) बोटाने उघडून सोड, चटकन मिटली पाहिजेत. आळसावत मिटली तर स्प्रिंग गेली. आता कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी आण, वजनं मिटलेली ठेव, आणि पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ओढ. तिथेच तो सुटला पाहिजे. इंजिन पुढच्याच दिशेने फिरव, मागे आणलंस तर गिअरची ढिलाई मापात येते.

मग कार्ब्युरेटर. पाव ते पाऊण थ्रॉटल नीडलचा, म्हणजे आतल्या सुईचा, मेन जेटचं राज्य पाऊणच्या वर. बाजारातली भकभक पायलटची, म्हणजे कमी थ्रॉटलच्या छोट्या जेटची. फिल्टरकडचा एअर स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढत जा. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मिश्रण थोडं रिचच लागतं, म्हणून घाटात त्याच थ्रॉटलवर क्लच दाबून इंजिन बंद कर, कडेला थांबून प्लग बघ. भाजलेल्या खोबऱ्याचा रंग हवा. एका वेळी एकच गोष्ट बदल, वळण तेच, गिअर तोच.

साखळीकर३५०
काका, गॅप ०.६ निघाला! एक स्प्रिंगही ताणलेली, जोडी बदलली. काल केरीहून वर गेलो, तिसऱ्यात टकटक नाही. किकही सरळ बसते. अर्ध्या थ्रॉटलला प्लग अजून पांढरट आहे, म्हणजे मिश्रण लीन. नीडलची क्लिप एक घर खाली घेऊन (सुई वर येते, पेट्रोल वाढतं) रविवारी परत जातो.