विहिरीचं पाणी लाल, सॉफ्टनर लावूनही फरक नाही. कोणता फिल्टर घेऊ?

रानजाई:
मदत हवी आहे. विहिरीचं पाणी लाल येतंय. बादल्या, फरशी, कमोड सगळं तांबूस झालंय, पांढऱ्या कपड्यांचा नाद तर सोडूनच दिलाय. वर क्षार पण आहेत, शॉवरची भोकं महिन्याभरात बुजतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६४०. तीन महिन्यांपूर्वी क्षार काढणारा सॉफ्टनर बसवला, सुरुवातीला बरं होतं, आता पुन्हा येरे माझ्या मागल्या. बसवणारा म्हणतो वेगळा आयर्न फिल्टर घ्या. कोणता घेऊ? लांबलचक नको, नेमकं सांगा. रविवारी ऑर्डर द्यायची आहे.

पाणकळा:
नेमकं सांगायला नेमकी माहिती लागते. उघडी विहीर की बोअर? पाणी नळातून पडतानाच लाल असतं की भरून ठेवल्यावर होतं? पाईप लोखंडी (जीआय) की पीव्हीसी? सॉफ्टनर टाकीच्या आधी की नंतर? पीएच किती? लोह लिटरला किती मिलिग्रॅम?

सरळसोट:
एवढ्या चौकशा कशाला? आरओ बसवा, विषय संपला.

पाणकळा:
@सरळसोट, लाल पाणी थेट आरओला दिलं तर मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) आठवड्यात बुजेल. लोह तिथे ०.१ मिलिग्रॅमच्या आत लागतं. शिवाय ताईंना अख्ख्या घराचं पाणी सुधारायचंय, एका नळाचं नाही.

रानजाई:
विहीर लिहिलंय म्हणजे विहीरच ना! उघडी आहे, १० फूट व्यास. पाणी लाल आहे असंही लिहिलंय. टीडीएस दिलाय. अजून कोणता रिपोर्ट हवा?

मोजपट्टी:
टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून आकडा देतं. त्यात मीठ, सोडा, चुना सगळं एकत्र येतं. ४ मिलिग्रॅम लोह ६४० मध्ये कुठेही दिसणार नाही, आणि ६४० ही काठिण्यता (साबणाला फेस येऊ न देणारे क्षार) पण नाही. एवढ्यावर फिल्टर घेणं म्हणजे वजन बघून चष्म्याचा नंबर काढणं.

एक काम करा, फुकट आहे. तीन स्वच्छ पांढऱ्या बादल्या घ्या. पहिलीत पोहऱ्याने विहिरीच्या वरचं पाणी. दुसरीत मोटर १५ मिनिटं चालवून, टाकीत जायच्या आधीच्या पाईपमधून. तिसरीत घरातल्या नळाचं. लगेच रंग बघा, अर्ध्या तासाने बघा, सकाळी बघा. आणि फ्लश टाकीचं झाकण उघडून आतल्या भिंतीला बोट लावा. कोरडी गंजाची पूड लागते की शेंबडासारखं बुळबुळीत, तेही लिहा.

तुरटीवाला:
इतका घोळ घालण्यापेक्षा टाकीत तुरटी फिरवा. सकाळी पाणी आरशासारखं.

मोजपट्टी:
@तुरटीवाला, तुरटी तरंगणारा गाळ खाली बसवते. विरघळलेलं लोह तिला दिसतच नाही, ते हवेने आधी गंज झालं पाहिजे. आणि तुरटीने पीएच खाली जातो, म्हणजे लोह बसायचं तर आणखी उशिरा बसतं. खाली साचलेला गाळ सॉफ्टनरमध्ये गेला की दुप्पट काम.

तुरटीवाला:
पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ते काय वेडे होते का?

पाणकळा:
गढूळ पाण्याला वापरायचे. पुराचं पाणी आणि लोहाचं पाणी यांचा रंग सारखा दिसला तरी दुखणं वेगळं.

रानजाई:
केलं तुमचं बादलीप्रकरण. पोहऱ्याचं पाणी सकाळपर्यंत स्वच्छ. मोटरचं पडताना स्वच्छ होतं, २०-२५ मिनिटांत पिवळट झालं आणि सकाळी तळाला केशरी साका. घरातलं पडतानाच लाल, त्यात पापुद्रे. फ्लश टाकीत बुळबुळीत आहे, ईईई. आता कोणता फिल्टर?

मोजपट्टी:
थांबा, यात सोन्यासारखी माहिती आहे. वरचं पाणी स्वच्छ आणि मोटरचं खराब! फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरच्या पाईपचं विहिरीतलं तोंड, कुठे आहे?

रानजाई:
तळाशी. सगळ्यांचा तिथेच असतो ना?

पाणकळा:
मग मोटर विहिरीतलं सगळ्यात वाईट पाणी उचलतेय. तळाच्या गाळात कुजलेला पाला असतो, तिथे हवा पोचत नाही. हवा नसली की लोह विरघळलेल्या रूपात राहतं, दिसायला काचेसारखं. वर आलं, हवा लागली की गंज होऊन बसतं. तुमची दुसरी बादली तेच सांगतेय. टाकीत गेलं की तिथेच त्याचा गाळ होतो, म्हणून नळाला लाल आणि पापुद्रे.

फूटव्हॉल्व्ह तळापासून ४ फूट वर घ्या. पाणी किती असतं, उन्हाळ्यात किती?

रानजाई:
आत्ता १४ फूट. उन्हाळ्यात ६.

सरळसोट:
फूटव्हॉल्व्ह वर घेतला की मोटरला ओढही कमी लागते, चांगलंच आहे.

पाणकळा:
नाही, ओढ पाण्याच्या पातळीपासून मोटरपर्यंत मोजतात, फूटव्हॉल्व्ह किती खोल आहे त्यावर नाही. तो १० फूट बुडवा की २ फूट, पाईपमधलं घर्षण सोडलं तर फरक नाही. मात्र त्याच्यावर किमान २ फूट पाणी हवं, नाहीतर भोवरा पडून हवा ओढतो आणि मोटर पाणी सोडते. उन्हाळ्यातले ६ वजा २, म्हणजे ४ फूट ही तुमची कमाल.

हौशी_गवंडी:
४ फुटांवर घट्ट बांधण्यापेक्षा तरंगता ठेवा. बंद तोंडाच्या पिंपाला दोरीने फूटव्हॉल्व्ह लटकवायचा, पाण्याच्या पृष्ठभागाखाली अडीच-तीन फूट. कडेपासून पुढे आतून तार असलेला सक्शन होज. साधा बागेचा पाईप लावू नका, मोटर सुरू होताच चपटा होईल. सांध्यांवर क्लिप दोन-दोन. दोरीला तळापासून ३ फुटांवर अडेल अशी गाठ, म्हणजे पाणी उतरलं तरी व्हॉल्व्ह गाळात शिरणार नाही.

हिरवळ:
विषय निघालाच आहे तर, माझ्या ठिबकच्या नळ्यांना लाल चिकट थर येतोय, ड्रिपर बंद पडतात. आम्ल सोडलं तर जाईल का?

मोजपट्टी:
@हिरवळ, आम्लाने चुन्याचा थर जातो, चिकट लाल थर जिवाणूंचा असतो, त्याला क्लोरिन लागतं. दोन्ही कधीही एकत्र सोडू नका, विषारी वायू होतो. बाकी वेगळा धागा काढा, इथे ताई आधीच वैतागल्यात.

ताई, तुमच्या फ्लश टाकीतलं बुळबुळीत तेच. लोह खाणारे जिवाणू. तब्येतीला सहसा धोका नसतो, पण पाईप आणि फिल्टर बुजवतात. विहिरीच्या कडेला तेलासारखा तवंग दिसतो का? काठीने हलवा. तुकडे तुकडे होऊन वेगळे राहिले तर जिवाणूंचा, पुन्हा एकत्र आला तर खरंच तेल.

रानजाई:
दिसतो. काचेसारखे तुकडे होतात. आणि हे सगळं फिल्टर घ्यायच्या आधी करायचंय का?

पाणकळा:
हो. नाहीतर नवा फिल्टर जिवाणूंचं नवं घर. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा हिशेब करून देतो. व्यास १०, पाणी १४ फूट: १० × १० × ०.७८५ × १४ = सुमारे १,१०० घनफूट, म्हणजे ३१,००० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन धरलं तर १.५५ किलो क्लोरिन. पावडर ताजी, ३३ टक्क्यांची असेल तर ४.७ किलो. पोतं उघडं पडलेलं असेल तर २५ टक्केही भरणार नाही, मग ६ किलोच्या वर.

तुरटीवाला:
५० खूप झालं. पिण्याच्या पाण्याला १-२ पुरतं.

पाणकळा:
ते रोजच्या निर्जंतुकीकरणाचं. चिकट थराच्या आत शिरायला ५० ते २०० लागतात, आणि पाण्यातलं लोहच आधी क्लोरिन खातं, १ मिलिग्रॅम लोहाला साधारण ०.६४. रोज ५० सोडा असं कोण म्हणतंय?

पद्धत: आधी कडेचा थर लांब दांड्याच्या ब्रशने खरवडा, शक्य तेवढा गाळ उपसा. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोडी थोडी कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत गोल फिरवत ओता. सॉफ्टनर बायपास करा, क्लोरिनने त्यातलं रेझिन (क्षार धरणारे मणी) खराब होतं. प्रत्येक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा, गरम पाण्याचाही. मग बंद करून १२ ते २४ तास तसंच. त्यानंतर वास जाईपर्यंत उपसा, ते पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात नको. घरातली टाकी याच वेळी धुवून घ्या, तळाचा लाल गाळ ठेवलात तर सगळं वाया.

हौशी_गवंडी:
आणि गाळ काढायला कोणी विहिरीत उतरणार असेल तर टीसीएल टाकायच्या आधी, कधीही नंतर नाही. दिवा सोडून बघण्यावर भरवसा ठेवू नका. दिवा विझला तर उतरू नये हे खरं, पण जळत राहिला म्हणजे आत विषारी वायू नाही असं नाही. वर दोन माणसं, कमरेला दोर, आणि हवा खेळती ठेवणारा ब्लोअर.

चुंबकीय:
पाईपवर चुंबक बसवा, क्षाराचा प्रश्न आपोआप सुटतो. मीठ नको, पाणी वाया जात नाही.

मोजपट्टी:
चुंबकाआधीचं आणि नंतरचं पाणी टायट्रेशनला (काठिण्यता मोजायच्या चाचणीला) लावून बघा. काठिण्यतेचा आकडा तोच येतो. पुढे.

रानजाई:
फूटव्हॉल्व्ह तरंगता केला, विहीर आणि टाकी दोन्ही धुतल्या. प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: पीएच ६.९, लोह ०.९, मॅंगनीज ०.०५ च्या खाली, काठिण्यता ४२०, अल्कता ३१०. पाणी आता पिवळटसर. पण साबणाला फेस अजून येत नाही, सॉफ्टनर काय करतोय मग?

मोजपट्टी:
नमुना कसा घेतला? बाटली दोन दिवस पडून असेल तर लोह बाटलीलाच चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. प्रयोगशाळेने आम्ल घातलेली बाटली दिली होती का?

रानजाई:
हो, वेगळी छोटी बाटली होती, काठोकाठ भरायची नाही म्हणाले.

मोजपट्टी:
मग ठीक. ०.९ म्हणजे अजून डाग पडणार, ०.३ च्या खाली यायला हवं. पण आता फिल्टरमध्ये भरायच्या महागड्या मीडियाची गरज नाही, हवा आणि वाळू पुरे. मोटरचं पाणी टाकीत थेट सोडू नका. वर तीन-चार जाळीदार ट्रे, एकमेकांपासून फूटभर अंतराने, त्यात लिंबाएवढे दगड. पाणी थेंब थेंब पडलं की दोन गोष्टी होतात: ऑक्सिजन शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर जातो. पीएच एकाने वाढला की लोह बसण्याचा वेग शंभर पटीच्या आसपास वाढतो, म्हणून ६.९ चा ७.४ झाला तरी मोठी मदत. टाकीत ४५ मिनिटं थांबू द्या, मग वाळूचा प्रेशर फिल्टर. १३ इंची टाकी, खाली खडी, वर २ फूट बारीक वाळू.

पाणकळा:
त्यात एक मेख आहे. गाळताना मिनिटाला ११-१२ लिटर पुरेत, पण बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने वाळू धुवायला) त्याच टाकीला ५०-६० लिटर लागतात, तरच वाळू उचलली जाते. टाकीतून फिल्टरला देणाऱ्या पंपाखाली २० लिटरची बादली लावा. २० ते २४ सेकंदांत भरली पाहिजे. जास्त वेळ लागला तर पंप मोठा नाहीतर फिल्टर छोटा. इथेच बहुतेक फिल्टर मरतात, वाळूचा लाल दगड होतो.

रानजाई:
आणि सॉफ्टनर?

पाणकळा:
रेझिन किती लिटर, पाणी रोज किती, रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) कधी करता?

रानजाई:
२५ लिटर. वापर ७०० च्या आसपास. मीठ महिन्यातून एकदा मारते, बसवणाऱ्याने तसंच सांगितलं.

मोजपट्टी:
महिन्यातून?! एक लिटर रेझिन साधारण ४५ ग्रॅम काठिण्यता धरतं. २५ लिटर म्हणजे १,१२५ ग्रॅम. तुमच्या पाण्यात लिटरला ०.४२ ग्रॅम. भागिले की २,६८० लिटर, म्हणजे पावणेचार दिवस. महिन्यातले सव्वीस दिवस सॉफ्टनर नुसता पाईप होता.

दर तीन दिवसांनी, २,१०० लिटरला लावा. प्रत्येक वेळी ३ किलो स्वच्छ जाडं मीठ २७ लिटर पाण्यात. मिठाचं पाणी अर्धा तास हळूहळू जाऊ द्या, भसकन सोडलं तर मीठ गटारात आणि रेझिन उपाशी.

सरळसोट:
मग ते मीठ पिण्यात येतं की!

पाणकळा:
मीठ धुतलं जातं, सोडियम मात्र वाढतं. ४२० काठिण्यता काढली की लिटरला सुमारे १९० मिलिग्रॅम. म्हणून पिण्याचा नळ आणि बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधी, वाळूच्या फिल्टरनंतर जोडा. हा मुद्दा बरोबर काढलात, पहिल्यांदाच.

रानजाई:
रेझिन तपकिरी दिसतंय. बदलायचं?

मोजपट्टी:
लगेच नको. आधी मिठाने रिजनरेट करा. मग १ किलो सायट्रिक आम्ल २० लिटर पाण्यात, रेझिनमध्ये भरून चार-सहा तास ठेवा. लाल-पिवळं पाणी बाहेर येईल. स्वच्छ होईपर्यंत धुवा, पुन्हा मीठ मारा. हे वाळूचा फिल्टर चालू झाल्यावरच करा, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तपकिरी. टीसीएलचा वास असलेल्या पाण्यात आम्ल अजिबात नको.

रानजाई:
ठीक. रविवारची ऑर्डर रद्द केली. ट्रेसाठी दगड कोणते, चुनखडीचे चालतील का?

हौशी_गवंडी:
चालतील, पण ४२० वर आणखी चुना कशाला? काळा दगड घ्या, धुवून. महिन्याने लाल थर चढला की ट्रे काढून नळाखाली धरा, घासून काळे करायच्या मागे लागू नका, त्या थरावर नवं लोह लवकर बसतं.