‘काळानुरूप’ टायर म्हणजे नेमका कोणत्या काळाचा?

दौत-टाक:
जुन्या मोटारसायकली मूळ रूपात उभ्या करणाऱ्या मित्रमंडळींसाठी मी एका इंग्रजी मार्गदर्शिकेचा अनुवाद करीत आहे आणि एका विशेषणापाशी अडलो आहे. मुळात ‘पीरियड-करेक्ट’ टायर आणि चाके असे म्हटले आहे. म्हणजे गाडी ज्या काळी रस्त्यावर आली, त्या काळी तिला ज्या मापाचे आणि ज्या घडणीचे टायर बसत असत, तसेच आजही बसवावेत. मी ‘काळानुरूप’ हा शब्द योजला. मसुदा वाचून एका मित्राने म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या आपल्या १९६५ सालच्या जावाला अलॉयची, म्हणजे तारांऐवजी ओतीव धातूची, चाके आणि ट्यूबलेस टायर बसवून घेतले, आणि काळ बदलला तशी चाकेही बदलली, तू तरी दुसरे काय लिहिले आहेस, असे वर मलाच ऐकवले. त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. ‘काळानुरूप बदल’ या जोडीत तो शब्द इतका मुरला आहे, की त्याचा अर्थ मला हव्या असलेल्या अर्थाच्या अगदी उलट होतो. ‘तत्कालीन’ लिहावे, तर तत्कालीन टायर म्हणजे १९६५ मध्येच तयार झालेला टायर. आणि साठ वर्षांत कडक होऊन तडकलेल्या रबरावर बसून रस्त्यावर जा, असे मी कोणाला सांगणार नाही. कृपया शब्द सुचवावा.

अनुस्वार:
‘कालोचित’ आणि ‘कालसुसंगत’ हेही याच कारणाने बाद होतात, कारण समासात नुसता ‘काल’ आला की मराठी वाचक तो चालू काळच समजतो. ‘तत्कालोचित’ हा शब्द व्याकरणाने चोख आहे; मात्र ‘तत्काल’ वाचताच रेल्वेचे तिकीट आठवणाऱ्या पिढीला तो घाईघाईने बसवून दिलेला टायर वाटेल, ही भीती मलाही आहे.

किकमास्तर:
माझे अर्धे आयुष्य गॅरेजात गेले आहे, म्हणून तेथील बोली नोंदवतो. आमच्याकडे या एका विशेषणाचे तीन वेगळे माल होतात. गाडीबरोबर आलेला तो ‘कंपनीचा’. त्याच काळी तयार झालेला, पण कधी न चढवलेला, दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला तो ‘जुना कोरा’. आणि अलीकडे तयार केलेला, पण माप आणि नक्षी जुनीच असलेला तो ‘जुन्या नक्षीचा’. अनुवादकांना तिसरा हवा आहे, आणि शब्द मात्र ते पहिल्या दोघांचे तपासत आहेत.

मापही नावातच दडलेले असते. मित्राच्या जावाला ३.२५-१६ आणि जुन्या बुलेटला ३.२५-१९ टायर लागतो. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. आजच्या टायरवर ९०/९०-१९ असे लिहिलेले असते: रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, व्यास मात्र अजून इंचांतच. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते ती अवश्य पाहावी. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. रूप १९६५ चे आणि जन्म गेल्या वर्षीचा, असा टायर मिळाला तर तो आपल्या कामाचा. याला मी ‘जुन्या घडणीचा’ म्हणेन.

आरे-तुंबा:
विशेषणावर एवढा खल चालला आहे, पण ‘टायर’ या नामावर कोणीच बोट ठेवले नाही, याचे आश्चर्य वाटते. चाकाला मराठीत संपूर्ण शब्दसंच आहे: मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांना जोडणारे पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवरची लोखंडी धाव. आमच्या आजोळी लोहार गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करीत असे, दोघेतिघे सांडशीने ती उचलून लाकडी चाकावर बसवत, आणि पाणी ओतताच ती आवळत जाऊन सगळे चाक कुरकुरत एकजीव होत असे. इंग्रजीतला ‘टायर’ हा ‘अटायर’चा, म्हणजे पोशाखाचा, अपभ्रंश आहे आणि तोही रबराच्या कितीतरी आधी लोखंडालाच लावला जात होता. त्यांनी चाकाला कपडे घातले, आपण चाकाला धावायला लावले. मग जो अर्थविस्तार त्यांच्या शब्दाला चालतो, तो आपल्याला का चालू नये?

किकमास्तर:
चालेल, परंतु ‘बुलेटला दोन नव्या धावा काढल्या’ असे मी गिऱ्हाइकाला सांगितले, तर तो मला क्रिकेटचा निकाल विचारील. रिमला ‘पुठ्ठा’ म्हटले, तर गाडी जागेवर सोडून जाईल. शिवाय वस्तूच वेगळी आहे. बैलगाडीचा आरा दाब सोसतो, मोटारसायकलची तार ताण सोसते. म्हणूनच तिला निप्पल, म्हणजे रिमकडच्या टोकाची चाकी, फिरवून आवळावी लागते आणि चाकाचा ‘आऊट’, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढावा लागतो. त्याच निप्पलांची भोके रिममधून आरपार जात असल्यामुळे अशा चाकात हवा धरायला आत ट्यूब घालावी लागते, आणि ट्यूबलेसच्या हौसेपायी तारांचे चाक गेले की गाडीचे अर्धे रूप गेले.

आरे-तुंबा:
सावरकरांनी दिलेल्या ‘महापौर’ या शब्दालाही लोक प्रथम हसलेच होते.

अनुस्वार:
महापौराला पंक्चर काढून घ्यायला गॅरेजात जावे लागत नाही. बोलीच प्रमाण मानायची असेल, तर आधी ‘टायर’चे लिंग ठरवावे. वर सर्वांनी तो पुल्लिंगी धरला आहे. आमच्या घरी मात्र ‘टायर फुटले’ असेच म्हणतात आणि ‘फुटला’ हे कानाला खटकते.

किकमास्तर:
फुटतो तो टायर आणि झिजते ते टायर, असे आमच्याकडे दोन्ही ऐकू येते. ‘रिम’ मात्र सर्वत्र स्त्रीलिंगीच: ती वाकते.

दौत-टाक:
चर्चा रोचक आहे, परंतु मसुदा रविवारी द्यायचा आहे. ‘जुन्या घडणीचा’ मला पटत होता. मात्र त्या मित्राला विचारले असता त्याने अलॉयचे चाक दाखवून, हेही आता दहा वर्षे जुने झाले, असे उत्तर दिले. म्हणून ‘गाडीच्या काळाला साजेसे टायर’ अशी लांबण सध्या लावली आहे.

आरे-तुंबा:
‘साजेसे’ हा शब्द उत्तम आहे, कारण पोशाखच साजतो. म्हणजे अखेर आपण इंग्रजी व्युत्पत्तीलाच शरण गेलो.

अनुस्वार:
अनुवादकांनी शेवटी नपुंसकलिंग स्वीकारले, याची नोंद घ्यावी.

दौत-टाक:
ते अनेकवचनी पुल्लिंग आहे.  ‘साजेसे’ हे रूप पुल्लिंगी अनेकवचनात आणि नपुंसकलिंगी एकवचनात, दोन्हीकडे चालते.

अनुस्वार:
मग एकच टायर बदलायचे झाले तर वाक्य कसे लिहिणार?