गोंदियात सारस मोजकेच उरले, तरी लाल यादीत तो फक्त ‘असुरक्षित’ कसा?

धानबांधी (गोंदिया जिल्हा)

आमच्याकडे धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसणे ही आता नवलाची गोष्ट झाली आहे. गोंदिया आणि भंडारा हे दोन जिल्हे वगळले तर महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ उरलेलाच नाही. असे असूनही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, तो ‘असुरक्षित’ या वर्गात आहे, आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड, ज्याची संख्या देशात अजून काही हजार आहे, ते मात्र ‘अतिसंकटग्रस्त’. हे वर्ग शास्त्रज्ञ नेमके कशावरून ठरवतात? केवळ संख्येवरून ठरत नसतील, तर दर जूनमध्ये तलावांवर होणाऱ्या आमच्या सारस गणनेचा उपयोग काय? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

वैनगंगाकाठ (भंडारा)

भाऊ, किती उरले यापेक्षा किती वेगाने कमी झाले, याला या पद्धतीत फार वजन आहे. लाल यादी 1964 पासूनची असली तरी आकड्यांवर आधारलेले निकष 1994 साली स्वीकारले गेले. असे पाच निकष आहेत: घटीचा वेग, वावराचे क्षेत्र, लहान आणि घटती संख्या, अत्यंत लहान संख्या, आणि नामशेष होण्याची गणिताने काढलेली शक्यता. प्रजातीला प्रत्येक निकष लावून पाहतात आणि त्यांतून जो सर्वांत गंभीर वर्ग निघेल तोच दिला जातो.

पहिल्या निकषानुसार दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, 80 टक्के घट झाली तर प्रजाती अतिसंकटग्रस्त, 50 टक्के झाली तर संकटग्रस्त आणि 30 टक्के झाली तर असुरक्षित ठरते. घटीचे कारण दूर झाले असेल तर या मर्यादा अधिक उंच धरतात. गिधाडांचे उत्तर इथेच आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. या औषधामुळे पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे भारतात 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली, पण एवढ्या प्रचंड घसरणीनंतर काही हजारांचा आकडा दिलासा देत नाही. केवळ संख्येवर अतिसंकटग्रस्त ठरायला प्रौढ पक्षी 50 पेक्षा कमी असावे लागतात. संख्या घटतही असेल तर इतर काही अटींसह ही मर्यादा 250 आहे.

सारसाचा वर्ग साऱ्या जगातील सारसांचा मिळून आहे. उत्तर प्रदेशात तो हजारोंनी आहे, आग्नेय आशियात आणि ऑस्ट्रेलियातही आहे. आपल्या बांध्यांमधून तो उद्या नाहीसा झाला तरी जागतिक वर्ग बदलेलच असे नाही, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

सातपुडा_पायथा (मेळघाट)

एक भर घालतो. वर्ग बदलला म्हणजे पक्ष्यांची स्थिती बदलली, असे दरवेळी नसते. 1884 नंतर शतकभर ज्याची विश्वासार्ह नोंद नव्हती, तो रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे आमच्या मेळघाटातही आढळला. 2018 साली त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आणले गेले. पिंगळे वाढले असा याचा अर्थ नाही. नव्या ठिकाणी नोंदी मिळाल्यामुळे तो पूर्वी समजत होते त्याहून अधिक प्रदेशात आहे, एवढेच कळले. सागाच्या जंगलावरचा ताण आहे तसाच आहे.

धानबांधी

दोघांचेही आभार. मग फक्त आपल्या जिल्ह्यापुरता वर्ग काढता येतो का? कार्यालयात निवेदन घेऊन गेलो की ‘यादीत तर तो असुरक्षितच आहे’ असे ऐकवले जाते.

वैनगंगाकाठ

देश किंवा राज्य पातळीवर वर्ग काढण्यासाठी आययूसीएनचीच स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आधी त्या प्रदेशातील पक्ष्यांना तेच निकष लावतात, मग बाहेरून पक्षी येऊन तूट भरून निघण्याजोगी आहे का ते तपासतात, आणि तशी शक्यता असेल तर धोक्याचा वर्ग सौम्य करतात. एकटा जिल्हा मात्र यासाठी फार लहान पडतो, कारण आपले सारस नदी ओलांडून बालाघाटकडे ये-जा करतात. म्हणून दोन्ही काठांचा विचार एकत्रच करावा लागेल. शिवाय लाल यादी हा कायदा नव्हे. मोर यादीत सर्वांत कमी काळजीच्या वर्गात आहे, तरी आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. निवेदनात हे उदाहरण जरूर द्यावे.

आपली गणना तर अतिशय मोलाची आहे, फक्त एकूण आकड्यावर थांबू नये. निकषांत प्रजननक्षम प्रौढच धरले जातात, म्हणून लाल डोक्याचे प्रौढ आणि तपकिरी पिसांच्या डोक्याची पिल्ले वेगळी लिहावीत. कोणत्या बोडीत (लहान तळ्यात) किंवा बांधीत घरटे होते, अंडी किती होती, त्यांतून पिल्ले किती उडाली, विजेच्या तारांना धडकून किंवा फवारणीनंतर कोणता पक्षी मेला, हेही तारखेसह नोंदवावे. एखाद्या वर्षी एकही घरटे सापडले नाही तर तेही लिहावे, आणि दरवर्षी तेच तलाव, त्याच वेळी, तितक्याच लोकांनी पाहावेत. घटीचा वेग अशाच नोंदींच्या मालिकेतून काढता येतो. जुन्या गणनांच्या वह्या कोणाकडे असतील तर त्या आधी गोळा करा. तक्ता तयार करायला मी मदत करीन.