मदत हवी आहे: एनएस१ वरच्या मोनोक्लोनलचा एपिटोप सापडेना, पेप्टाइड प्लेट पूर्ण कोरी

पिपेटवाली_बेळगाव

नमस्कार मंडळी. डेंग्यू-२ विषाणूच्या एनएस१ प्रोटीनवर उंदराची मोनोक्लोनल (एकाच ठरावीक जागी बसणारी) अँटिबॉडी आहे, केडी (पकडीचं माप, आकडा लहान तितकी पकड घट्ट) साधारण ५ नॅनोमोलर. ती नेमकी कुठे बसते, म्हणजे तिचा एपिटोप, ते शोधायचं आहे. ३५२ अमिनो आम्लांची पूर्ण साखळी १५-१५ च्या तुकड्यांत, दर वेळी ४ ने पुढे सरकत मागवली. ८६ पेप्टाइडं झाली, म्हणजे एका ९६ च्या प्लेटमध्ये कंट्रोलसकट बसतात. एलायझात (अँटिबॉडी चिकटली तर विहिरीत रंग येतो अशी चाचणी) सगळ्या विहिरी कोऱ्या.

वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखणं) असा, डीटीटी म्हणजे डायसल्फाइड पूल तोडणारं रसायन: न उकळलेला, डीटीटी नसलेला नमुना, ठळक पट्टा. उकळलेला पण डीटीटी नसलेला, पट्टा फिका पण स्पष्ट. उकळून डीटीटी घातलेला, काहीच नाही.

बेळगावात मास स्पेक्ट्रोमीटरची सोय आमच्या हाताशी नाही. एचईके पेशी (प्रोटीन बनवून घ्यायला वापरतात त्या मानवी पेशी) वाढवता येतात, प्रायमर बेंगळुरूहून येतात. पुढे काय करावं?

खानापूर_ब्लॉट

ताई, उत्तर अर्धं तुमच्या ब्लॉटमध्येच आहे की. एनएस१ चा डायमर (दोन साखळ्यांची जोडी) एसडीएसमध्येही (प्रोटीन उलगडणारा साबण) न उकळता टिकतो, उकळला की मोनोमर (एकटी साखळी) होतो. उकळल्यावरही पट्टा आहे म्हणजे डायमर लागतोच असं नाही. डीटीटीने तो गेला म्हणजे डायसल्फाइड पुलांनी (दोन सिस्टीनमधले गंधकाचे दुवे) धरलेली घडी लागते. या प्रोटीनमध्ये १२ सिस्टीन, ६ पूल. असला एपिटोप १५ च्या सरळ तुकड्यात सापडणं कठीणच.

तरी कोरी प्लेट हा पुरावा मानण्याआधी तीन गोष्टी बघा:

१. सरळ एपिटोप माहीत असलेली दुसरी एनएस१ अँटिबॉडी त्याच प्लेटवर चालते का? तुमच्या आखणीत ७ अमिनो आम्लांचा एपिटोप शेजारच्या दोन-तीन विहिरींत येतो. एकटीच विहीर उजळली तर ते पेप्टाइड चिकट असण्याची शक्यता जास्त.

२. पेप्टाइडं साध्या पॉलिस्टायरीनवर लावली होती का? इतकी लहान पेप्टाइडं त्यावर धड चिकटत नाहीत, आणि चिकटली तर एपिटोपच खाली दबतो. बायोटिन आणि मध्ये एसजीएसजी असा छोटा दुवा लावून स्ट्रेप्टाविडिन (बायोटिन घट्ट धरणारं प्रोटीन) प्लेटवर धरायची. तिथे ब्लॉकिंगला (मोकळ्या जागा झाकायला) दूध पावडर नको. दुधात बायोटिन असतं, ते जागा अडवतं. १% बीएसए (गायीचं अल्ब्युमिन) घ्या.

३. कुप्या फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडल्या का? आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हमखास नडतं. कोरडी पूड हवेतलं पाणी ओढते, वजन चुकतं, सिस्टीनवाली पेप्टाइडं ऑक्सिडाइज होतात. बंद कुपी तासभर बाहेर ठेवून मगच झाकण काढायचं.

पिपेटवाली_बेळगाव

स्ट्रेप्टाविडिन प्लेट, बीएसए, बायोटिन सगळं तसंच होतं. कंट्रोल अँटिबॉडीला शेजारच्या तीन विहिरी मिळाल्या.

खानापूर_ब्लॉट

मग प्लेट खरं बोलते आहे. पेप्टाइडांवर आणखी पैसे घालू नका.

निपाणीकर_जीन

आता प्रोटीनची घडी न मोडता तुकडे करायचे. एनएस१ चे भाग: १ ते २९ बीटा-रोल, ३० ते १८० विंग, १८१ ते ३५२ बीटा-लॅडर. पण बरोबर १८१ ला कात्री लावू नका. १७९ आणि २२३ च्या सिस्टीनमधला पूल तुटतो, २२३ मोकळा राहतो आणि प्रोटीन गठ्ठा होऊन बसतं. शेवटचा भाग १७२ पासून घ्या.

त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे अदलाबदल. आधी तुमची अँटिबॉडी जपानी एन्सेफलायटिस (जेई) विषाणूच्या एनएस१ ला लागत नाही ना ते बघा. लागत नसेल तर डेंग्यूच्या एनएस१ मध्ये ३८ ते १५१ हा भाग जेईचा घाला. ३० ते ३७ आणि १५२ ते १८० हे जोडपट्टे बीटा-रोलला टेकलेले असतात, ते हलवू नका. मग उलटं करा: जेईच्या एनएस१ मध्ये डेंग्यूचा भाग. पहिल्यात अँटिबॉडी सुटली तर घडी बिघडली असंही असू शकतं. दुसऱ्यात नव्याने लागली तर वाद उरत नाही.

भाग ठरला की एकेक अमिनो आम्ल अ‍ॅलनिनने बदलून (असा प्रत्येक बदल म्हणजे एक म्युटंट) बंधन टिकतं का बघायचं, म्हणजे अ‍ॅलनिन स्कॅन. २०१४ पासून एनएस१ ची स्फटिकरचना उपलब्ध आहे, तिच्यावरून त्या भागातली पृष्ठभागावरची अमिनो आम्लं निवडा. सगळी नको, २०-२५ पुरे. मुळात अ‍ॅलनिन असेल तिथे सेरिन. सिस्टीनला हात लावायचा नाही. सहा विहिरींच्या प्लेटमध्ये एचईके पेशींना विहिरीला २.५ मायक्रोग्रॅम डीएनए, ७२ तासांनी वरचं माध्यम काढायचं. सिग्नल पेप्टाइड ठेवलंत तरच प्रोटीन बाहेर येईल.

इथे एक हमखास फसतं. ते माध्यम थेट प्लेटवर कोट करू नका, प्लास्टिकवर प्रोटीनची घडी अर्धवट उलगडते आणि प्रत्येक म्युटंट वेगळाच दिसतो. हिस-टॅग (हिस्टिडिनांची छोटी शेपटी) साखळीच्या शेवटी ठेवा, प्लेटवर २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीने हिस-टॅगची अँटिबॉडी लावा आणि तिने एनएस१ पकडा. बाजूला घडी ओळखणारी, पण दुसरीकडे बसणारी अँटिबॉडी चालवा. तुमची मूळच्या २५% खाली आणि ती ७०% वर, असा म्युटंट खरा. दोन्ही पडल्या तर म्युटंट केराच्या टोपलीत.

चिकोडी_स्पेक्ट्रम

म्युटंट करेपर्यंत एचडीएक्स मास स्पेकला (जड पाण्यात अँटिबॉडीने झाकलेला भाग हायड्रोजन कमी बदलतो, ते मोजणं) नमुना पाठवता येईल, पण आधी हिशोब करा. १ मायक्रोमोलर एनएस१ आणि १.५ मायक्रोमोलर फॅब (अँटिबॉडीचा फक्त पकडणारा हात), जड पाण्यात १० पट विरळ. तुमच्या ५ नॅनोमोलर केडीला तेव्हाही सुमारे ९२% एनएस१ बांधलेलं राहतं. केडी १०० नॅनोमोलर असती तर निम्मंच राहिलं असतं आणि फरक धूसर झाला असता. पूर्ण अँटिबॉडी (आयजीजी) नको, फॅबच द्या. नाहीतर अँटिबॉडीच्या स्वतःच्या पेप्टाइडांची गर्दी होते.

एनएस१ चं दुखणं वेगळंच. पुलांमुळे पेप्सिन नीट कापत नाही, तेव्हा पीएच २.५ च्या थंड क्वेंचमध्ये (हायड्रोजनची देवाणघेवाण थांबवणारं द्रावण) पूल तोडायला टीसीईपी आणि घडी उलगडायला ग्वानिडिन लागतं. शिवाय १३० आणि २०७ च्या अ‍ॅस्पॅराजिनवर साखर असते, तिथली पेप्टाइडं नकाशातून गळतात. सोय असलेल्या प्रयोगशाळेला आधी फक्त एनएस१ देऊन साखळीचा किती भाग दिसतो ते विचारा. तुमच्या संशयाचा भागच दिसत नसेल तर पुढचा खर्च फुकट.

हुक्केरी_१२

फेज डिस्प्ले (अंगावर वेगवेगळी पेप्टाइडं असलेल्या फेज विषाणूंतून अँटिबॉडीला चिकटणारे निवडणं) का नको? १२ च्या पेप्टाइडांची लायब्ररी तयार मिळते.

निपाणीकर_जीन

चालेल, पण अशा एपिटोपला बहुधा नक्कल मिळते, मूळ साखळीशी न जुळणारी. रचनेवर ती बसवत बसायचं म्हणजे ओढाताण. वर ट्रिप्टोफॅनने भरलेले, प्लास्टिकलाच चिकटणारे फेज तीन-चार फेऱ्यांत पुढे येतात. करायचंच तर दर फेरीआधी रिकाम्या प्लेटवरून लायब्ररी फिरवा आणि धुताना ट्वीन (साबण) ०.१% वरून ०.५% वर न्या.

पिपेटवाली_बेळगाव

अदलाबदलीने सुरुवात करते. शेवटी तीन-चारच अमिनो आम्लं मिळाली तर तोच एपिटोप म्हणून लिहायचा का?

खानापूर_ब्लॉट

नाही. प्रत्यक्ष संपर्कात १५-२० असतात, त्यातली मोजकीच बंधनाचं वजन उचलतात. अ‍ॅलनिन स्कॅन ती मोजकी दाखवतो. "बंधनासाठी निर्णायक अमिनो आम्लं" एवढंच लिहा. संपर्काचा पूर्ण नकाशा हवा तर फॅबसकट क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी) किंवा स्फटिक. आणि २०७ च्या जवळचं काही निघालं तर अ‍ॅस्पॅराजिनच्या जागी ग्लुटामिन घालून एक म्युटंट जरूर करा, नाहीतर परीक्षक साखरेचा प्रश्न काढणारच.