मदत हवी आहे: गाडी घाटात तापते, गॅरेजवाले हेड उतरवायचं म्हणतात

ओवी_नाशिक
शनिवार, सकाळी ९:४०

महिन्याभरापूर्वी सेकंडहँड गाडी घेतली, पेट्रोल. गेल्या रविवारी कल्याणहून येताना कसारा घाटात काटा थेट लाल रेषेला टेकला. बोनेटमधून वाफ यायला लागली. वडील सोबत होते. अर्धा तास कडेला थांबलो, बाटलीतलं पाणी ओतलं आणि थांबत थांबत इगतपुरी गाठलं. सिडकोतल्या गॅरेजला दाखवली तर म्हणाले हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल, अठरा हजार आणि चार दिवस. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. मंगळवारी बाबांना ठाण्याला तपासणीसाठी न्यायचंच आहे. हो म्हणू का? थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह) नवीन टाकून झालाय. प्लीज लवकर सांगा.

जुनाजाणता
शनिवार, सकाळी ९:५८

कोणती गाडी? कितवं मॉडेल? किती किलोमीटर झालेत? घाटातच तापते की गावातही? एवढं लिहिल्याशिवाय सांगणार काय?

घाटवाट
शनिवार, सकाळी १०:०५

थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. नवीन टाकलात तिथेच चुकलं. माझ्या जीपमध्ये पंधरा वर्षं थर्मोस्टॅट नाही. सप्तशृंगीगडावर माणसं भरून कितीदा नेली, एकदाही उकळली नाही.

ओवी_नाशिक
शनिवार, सकाळी १०:१२

२०१२ चं मॉडेल, १.२ लिटर, ७८ हजार झालेत, एमएच ०४ पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागे एका धाग्यावर त्यावरूनच भांडण पेटलं होतं. हेड उतरवू की नको एवढंच सांगा.

इंधनमित्र
शनिवार, सकाळी १०:२०

२०१२ ची म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याने खराब होतात, ॲव्हरेजही पडतं. आधी फ्युएल लाइन तपासा.

पान्हा_अंबड
शनिवार, सकाळी १०:३१

ताई, हेडला अजून हो म्हणू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी नीट उत्तरं द्या.
गावात सिग्नलला उभी असताना काटा चढतो का? हायवेला ऐंशीच्या स्पीडला खाली येतो का? रेडिएटरचा फॅन फिरतो का? एसी गार करतो का? पाणी रोज कमी होतं की उकळल्यावरच?
इंधनमित्र, पेट्रोलचं म्हणणं तुमच्या जागी बरोबर असेल, पण त्याने घाटात पाणी उकळत नाही.
आणि घाटवाट, थर्मोस्टॅट काढून गाडी चालवायला कुणालाही सांगू नका. तो काढला की थंडीत इंजिन धड गरमच होत नाही, मग गाडी पेट्रोल जास्त पिते आणि सिलिंडर झिजतात. तुमची जीप जुन्या डिझेल इंजिनची असेल, तिने सहन केलं. आताच्या इंजिनात सेन्सर आहेत, इंजिन थंड दिसलं की ते पेट्रोल वाढवतात.

घाटवाट
शनिवार, सकाळी १०:४४

सेन्सर वगैरे ठीक आहे, पण मी अनुभवातून सांगतोय. पंधरा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

गोदाकाठ
शनिवार, सकाळी १०:५०

पाणी कोणतं घालता ते कुणीच विचारलं नाही. मी पंचवटीत राहतो. नळाचं पाणी गंगापूर धरणाचं, गोड पाणी आहे. बोअरचं पाणी मात्र रेडिएटरमध्ये कधी घालू नका, क्षार बसून नळ्या बुजतात.

पान्हा_अंबड
शनिवार, सकाळी १०:५७

नळाचंही नको, कितीही गोड असलं तरी. रस्त्यात अडचण आली तर ठीक, तेवढ्यापुरतं. कायमचं भरायचं ते कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिसळलेलं. कूलंट फक्त गारव्यासाठी नसतं, आतलं ॲल्युमिनियम गंजू नये म्हणूनही असतं. शिवाय साधं पाणी १०० अंशाला उकळतं. कूलंट आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळून तोच आकडा १२० च्या वर जातो. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर दाब धरत नाही आणि गाडी लवकर उकळते. ताई, झाकणही बघा, पण इंजिन गार असतानाच.

राजमार्ग
शनिवार, सकाळी ११:०५

समृद्धीने जा ना! जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे सुरू आहे. कसारा घाट पूर्ण टळतो, बोगद्यातून सरळ पलीकडे. गाडी तापायचा प्रश्नच नाही.

जुनाजाणता
शनिवार, सकाळी ११:११

राजमार्ग, बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. दुखणं न शोधता तापणारी गाडी त्यात घालायची, तीही आजारी माणसाला घेऊन? असला सल्ला देऊ नका. घाटात निदान कडेला थांबता तरी येतं.

कागदपत्र_काका
शनिवार, सकाळी ११:१८

ताई, गाडी एमएच ०४ ची म्हणता, नावावर करून घेतली का? राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्सही तुमच्या नावावर करा. उद्या अपघात झाला आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली तर दावा अडकतो, हे मी घरात भोगलंय. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, म्हणजे एचएसआरपी, हाय सिक्युरिटी नंबरची पाटीही लागेल.

ओवी_नाशिक
शनिवार, दुपारी १२:०२

कागदांचं नंतर बघते काका, आत्ता जीव गाडीत अडकलाय.
पान्हा दादा, उत्तरं देते. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, पाथर्डी फाट्याच्या पुढे हायवेला लागले की आपोआप खाली येतो. फॅन चालतो, मोठा आवाज येतो. एसी सिग्नलला उभं असताना गरम हवा फेकतो, गाडी पळायला लागली की गार होतो. पण तो प्रॉब्लेम वेगळा आहे, गॅस भरून घेतला तरी तसाच आहे. पाणी उकळलं तेव्हाच कमी झालं, एरवी टाकीत खुणेला असतं. गॅरेजवाले म्हणाले सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणून गॅस्केट.

शुभेच्छुक_४५
शनिवार, दुपारी १२:०९

मिस्टरांना एकदा बोनेट उघडून बघायला सांगा ना.

ओवी_नाशिक
शनिवार, दुपारी १२:१२

गाडी मी घेतलीय, मीच चालवते. काय बघायचं ते मला सांगा.

पान्हा_अंबड
शनिवार, दुपारी १२:२५

ताई, एसीचा प्रॉब्लेम वेगळा नाही, तोच आहे. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज आतल्या ब्लोअरचा, डॅशबोर्डमधून हवा फेकतो तो. मी विचारतोय तो फॅन बोनेटखाली रेडिएटरच्या मागे असतो.
गाडी पळते तेव्हा समोरून वारा येतो, इंजिनही गार राहतं आणि एसीची जाळीही. उभी राहिली किंवा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये लागली की वारा बंद. मग सगळी मदार त्या फॅनवर. काटा आणि एसी दोन्ही एकाच वेळी बिघडतात आणि एकाच वेळी सुधारतात, म्हणजे दुखणं एकच.
आता असं करा. गाडी सपाटीवर, न्यूट्रल, हँडब्रेक. स्टार्ट करा, एसी फुल्ल लावा, खाली उतरून बोनेटखाली बघा. फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरायलाच हवा. ओढणी, केस लांब ठेवा, हात घालू नका. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.
नाही फिरला तर लांब लाकडी पट्टीने पात्याला हलकासा धक्का देऊन बघा. काय होतं ते लिहा.
आणि धुराचं म्हणाल तर जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत सकाळी सगळ्याच गाड्यांतून पांढरी वाफ येते. इंजिन तापलं की थांबते. गॅस्केट गेलं असेल तर थांबत नाही.

ओवी_नाशिक
शनिवार, दुपारी १:१५

केलं. एसी लावून पाच मिनिटं उभी राहिले, फॅन हलला नाही. काटा चढत होता. मुलीची शाळेची लाकडी फूटपट्टी होती, त्या पट्टीने मी पात्याला ढकललं. पातं आधी जड लागलं, जरा अडकलं, मग घर्र आवाज करत एकदम सुटलं आणि फिरायला लागलं. दोन मिनिटांत काटा खाली, आत एसी बर्फासारखा! एसी बंद करून परत लावला तर फॅन पुन्हा ठप्प. पुन्हा ढकलला तर पुन्हा चालू.

पान्हा_अंबड
शनिवार, दुपारी १:२२

मोटारचे कार्बन ब्रश संपलेत. धक्का दिल्यावर फिरतो, म्हणजे करंट येतोय. फ्यूज आणि रिले ठीक. फॅनची मोटार बदला. गॅरेजला नको, वायरिंगवाल्याकडे जा. जुनी मोटार सोडवून बॅटरीवर थेट लावून दाखव म्हणा, तुमच्या डोळ्यांसमोर.

सर्व्हिसवाला
शनिवार, दुपारी १:४०

इतक्या घाईने गॅरेजवाल्याला खोटं ठरवू नका. मी स्वतः सर्व्हिस सेंटरला होतो. फॅन बंद म्हणून गाडी उकळली, मान्य. पण एकदा लाल रेषेपर्यंत तापली की ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं आणि गॅस्केट नंतर जातं. फॅन टाकून निर्धास्त झालात आणि ठाण्याच्या वाटेवर इंजिन बसलं तर खर्च तिप्पट होईल.

पान्हा_अंबड
शनिवार, दुपारी १:५५

मुद्दा रास्त आहे, मी नाकारत नाही. पण तपासायच्या आधी अठरा हजार कशाला? ताई, उद्या सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, पाण्याची पातळी बघा. मग झाकण उघडंच ठेवून स्टार्ट करा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा ठीक, पण सोडा बाटलीसारखे सतत येत राहिले तर गॅस्केट. दोन-तीन मिनिटंच बघा, गरम व्हायच्या आत बंद करा. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा, दुधाळ साय जमलीय का, म्हणजे ऑइलात पाणी मिसळतंय का. डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) पुसून बघा. शंका राहिलीच तर निळं लिक्विड लावून टेस्ट करणारे आहेत. पाण्यात सायलेन्सरचा गॅस मिसळत असेल तर ते पिवळं पडतं.

सर्व्हिसवाला
शनिवार, दुपारी २:०३

ही टेस्ट बरोबर आहे. रेडिएटरचा वरचा होज पाइपही दाबून बघा. गार इंजिन चालू केल्या केल्या दगडासारखा कडक झाला तर गडबड.

घाटवाट
शनिवार, दुपारी २:१०

फॅनचं माझ्या डोक्यात आलं नाही. जीपला फॅन पट्ट्यावर असतो, इंजिन फिरलं की फिरतो. ताई, काळजी घ्या.

ओवी_नाशिक
रविवार, सकाळी ८:५०

बुडबुडे नाहीत. पातळी काल होती तिथेच. झाकणाखाली स्वच्छ ऑइल, पाइप मऊ. धूर होता, दहा मिनिटांत थांबला. गॅरेजला काल संध्याकाळीच नाही म्हणून कळवलं. उद्या सकाळी मुंबई नाक्याजवळच्या वायरिंगवाल्याकडे जातेय.

ओवी_नाशिक
सोमवार, सायंकाळी ६:३०

मोटार बदलली. जुनी बॅटरीला लावली तर नुसती गुणगुणली. उघडून दाखवली, एका बाजूचा ब्रश नखाएवढा उरला होता आणि स्प्रिंग काळी पडली होती. मोटार, मजुरी, नवं कूलंट आणि झाकण मिळून ४,६५०. मग एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवली. काटा निम्म्याच्या जरा खाली. फॅन फिरतो, थांबतो, फिरतो.

पान्हा_अंबड
सोमवार, सायंकाळी ६:४१

छान. कूलंट भरल्यावर आत हवा अडकून राहते, म्हणून उद्या निघायच्या आधी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा. टाकीत कमी दिसेल तेवढं भरा. सोबत दोन लिटर तयार कूलंट ठेवा. घाट चढताना काटा निम्म्याच्या वर जाऊ लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि जागा मिळेल तिथे थांबा. हीटर इंजिनची उष्णता आत ओढतो, तेवढाच आधार.

ओवी_नाशिक
मंगळवार, रात्री ९:२०

ठाण्याहून परत आलो. बाबांचे रिपोर्ट ठीक आहेत. कसाऱ्यात कंटेनर बंद पडला होता, पाऊण तास रांगेत पहिल्या गिअरमध्ये. एसी चालू, काटा निम्म्यावर, बाबा मागे झोपले होते. इगतपुरीला थांबून बोनेट उघडलं तेव्हा फॅन फिरतच होता. पान्हा दादा, सर्व्हिसवाले दादा, मनापासून आभार. कागदपत्र काका, शुक्रवारी सुट्टी घेतलीय, पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३० घेऊन जातेय. इन्शुरन्सची मूळ प्रत लागते की झेरॉक्स चालेल?