'सोशल हाउसिंग'ला मराठीत काय म्हणायचं? (आणि घर 'मिळालं', 'लागलं' की 'घेतलं'?)

अनुस्वार

एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा: इंग्लंडात खासगी बिल्डरने नवा प्रकल्प उभारला की त्यातली काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात. मग पूर्ण किमतीत घर घेणाऱ्या शेजाऱ्यांना त्याबद्दल काय वाटतं? 'सोशल हाउसिंग' हा शब्द दर तिसऱ्या ओळीत येतो. मी 'सामाजिक गृहनिर्माण' असं लिहून आईला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "कुठल्या समाजाचं?"

तिथेच अडकलेय. 'सरकारी घरं' म्हटलं की पोलीस क्वार्टर्स डोळ्यांसमोर येतात. 'परवडणारी घरं' हा शब्द बिल्डरांच्या जाहिरातींनी इतका वापरलाय की तो कुणालाच परवडत नाही. 'म्हाडाची घरं' लंडनला कशी न्यायची? सुचवा.

तळटीप

आईंना पैकीच्या पैकी मार्क. पुस्तकी मराठीत समाज म्हणजे सगळे लोक, बोलण्यात समाज म्हणजे जात. 'समाजाचं वसतिगृह', 'समाजाचा हॉल', 'आमच्या समाजात असं चालत नाही'. त्यामुळे 'सामाजिक घर' म्हटलं की प्रश्न तोच येणार.

तुम्ही सांगताय त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडेही आहे, तिचं कागदावरचं नाव 'सर्वसमावेशक गृहनिर्माण'. २०१३ पासूनचा नियम आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करायचा तर वीस टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, आणि ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. पुणे, ठाणे, नाशिककडे सोडतीची जाहिरात आली की त्यात हा वेगळा रकाना असतो. पण 'सर्वसमावेशक' हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक म्हणतात 'वीस टक्क्यांतलं घर'. सर्वांना सामावून घेणाऱ्या नावातून शेवटी टक्केवारी तेवढी उरली.

कोथिंबीर_वडी

आमच्या पुण्यातल्या कॉम्प्लेक्समध्ये अशी एक इमारत आहे, म्हणून लिहितो. मी 'पूर्ण किमतीवाला'. ती इमारत कोपऱ्यात आहे, तिला गेट वेगळं आणि रंगही जरा फिका. व्हॉट्सॅप ग्रुपवर तिचं नाव 'म्हाडा विंग' आणि तिथले ते 'म्हाडावाले'. नकाशावर म्हाडा विंग असं काही नाही, ती ई इमारत आहे.

मजेची गोष्ट क्रियापदांची. तिथल्या एका गृहस्थांशी ओळख झाली. सहकारी बँकेत क्लार्क, कर्ज काढून घर घेतलंय, हप्ता माझ्याइतकाच रडवतो. पण त्यांच्याबद्दल बोलताना आमच्याकडचे सगळे म्हणतात, "त्यांना घर लागलं." स्वतःबद्दल मात्र "आम्ही घर घेतलं." लॉटरी लागते, नोकरी लागते, तसं घर लागतं. त्यात माणूस करतो काय? काहीच नाही, नशीब करतं. गंमत म्हणजे ते गृहस्थ स्वतःही "आम्हाला लागलं" असंच म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात ते शुभशकुनासारखं येतं. तेच वाक्य आमच्या लिफ्टमध्ये ऐकलं की त्याला वेगळाच वास येतो.

तळटीप

फार छान निरीक्षण. तिसरं क्रियापद 'मिळणं'. झोपडपट्टी योजनेतल्या इमारतीतलं घर 'मिळतं'. लागण्याला निदान नशीब तरी हवं. मिळायला समोर कुणीतरी देणारा बसलेला असावा लागतो.

गल्ली_नंबर_तीन

देणारा कुठे बसलाय ते मी सांगते. मी मुंबईतल्या रिहॅब बिल्डिंगमध्ये राहते, म्हणजे झोपडीवाल्यांसाठी बांधलेल्या. आमच्या पुढे सेलची बिल्डिंग, बिल्डरने बाजारभावाने विकायची. तिला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव, आमच्या फाटकावर देवाचं नाव आणि पुढे 'सहकारी गृहनिर्माण संस्था (नियोजित)'. आम्ही राहायला येऊन नऊ वर्षं झाली, रंग उडाला, कंसातला 'नियोजित' अजून आहे.

आता 'मिळालं' या शब्दाबद्दल. आईची एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, साडीच्या दुकानातली. तिच्यात फोटोपास, रेशनकार्ड, जुनी लाइट बिलं, मतदार यादीचा उतारा, सगळं. आपण १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून इथे आहोत हे दाखवायला ती पिशवी. पुढे सरकारने तारीख १ जानेवारी २००० पर्यंत आणली तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या पिशव्या बाहेर आल्या. 'परिशिष्ट दोन' म्हणजे पात्रतेची यादी; तिच्यात नाव आलं की तुम्ही पात्र, नाही आलं की अपात्र. आमच्याकडे 'पात्र' ही माणसाची ओळखच झालीय: "त्या पात्र आहेत, त्यांची सून अपात्र." नंतर बिल्डिंग होईपर्यंत अकरा वर्षं संक्रमण शिबिरातल्या तात्पुरत्या खोलीत. एवढं केल्यावर मला विचारलं तर घर मिळालं नाही, आम्ही ते काढलं. खनिज काढतात तसं.

समोरच्या टॉवरमधल्या एक काकू चांगल्या आहेत, दिवाळीला फराळ पाठवतात. एकदा सहज म्हणाल्या, "तुमचं बरंय बाई, फुकटात झालं." वाईट भावनेने नव्हत्या म्हणाल्या, पण तो शब्द अजून डोक्यातून जात नाही.

दिवाभीत

अवांतर: वर्तमानपत्रं झोपडपट्टी पुनर्वसनाचं लघुरूप 'झोपु' करतात. 'झोपु योजना रखडली' हा मथळा मला आजही 'झोपू' असाच वाचायला येतो. रखडणारच.

आणि 'संक्रमण' हा 'संक्रांत'चा सख्खा भाऊ. एका जागेवरून दुसरीकडे सरकणं, एवढाच मूळ अर्थ. सूर्य दर महिन्याला सरकतो, शिबिरातला माणूस अकरा वर्षं तिथेच.

तळटीप

'फुकट' विरुद्ध 'मोफत' पाहा. जीआरमध्ये 'मोफत' येतं, तो फारसीतून आलेला इस्त्री केलेला शब्द. 'फुकट'ला दोन तोंडं आहेत: विनामोबदला आणि व्यर्थ. 'सिनेमा फुकट पाहिला' आणि 'दिवस फुकट गेला'. त्यातून 'फुकट्या' तयार होतो. 'मोफत्या' असा शब्द मराठीने केलेला नाही. म्हणून काकूंच्या मनात नसतानाही शब्दाने आपलं काम केलंच.

'लाभार्थी'चंही तसंच काहीसं. विद्यार्थी म्हणजे विद्या हवी असलेला, तसा लाभार्थी म्हणजे लाभ हवा असलेला. लाभ मिळालेला नव्हे! पण वापरात तो घेणाऱ्याला चिकटला, आणि घर ताब्यात आल्यावरही माणूस मागणारा तो मागणाराच राहतो.

गल्ली_नंबर_तीन

मला खरी चीड आहे ती दुसऱ्या एका जोडीची. माझी मैत्रीण विलेपार्ल्यात जुन्या सोसायटीत राहते. त्यांची बिल्डिंग 'रिडेव्हलपमेंटला गेली'. जुन्यापेक्षा मोठा फ्लॅट, तीन वर्षांचं भाडं, सामान हलवायचे पैसे, वर कॉर्पस म्हणून एकरकमी रक्कम. घराचा एक रुपया भरला नाही. याला कुणी फुकट म्हणत नाही. "डील चांगलं झालं" म्हणतात. पैसा कुठून आला? बिल्डरने वरचे जादा मजले बाजारभावाने विकले, त्यातून. आमच्या घराचा पैसाही सेलच्या फ्लॅटमधूनच आला. गणित तेच. तिचा पुनर्विकास झाला, आमचं पुनर्वसन.

कोथिंबीर_वडी

हा मुद्दा पटतोय, तरी एक शंका. सोसायटीची जमीन सभासदांची असते, झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर. मग शब्द वेगळे असणं बरोबरच नाही का? आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्याकडच्या नाराजीत सगळाच तुच्छपणा नाही. मेंटेनन्स कोण किती भरणार, हा प्रश्न खरा आहे. तीस वर्षांचं कर्ज काढलेला माणूस कुरकुरला तर त्याला लगेच राक्षस ठरवू नका.

तळटीप

मेंटेनन्सचं मान्य. जमिनीचं तपासून पाहू.

बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या. ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या. जमीन सरकारची, लोक भाडेकरू, खोली १६० चौरस फुटांची. त्यांना आता ५०० चौरस फुटांची मालकीची घरं मोफत मिळताहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या. नाव काय? 'बीडीडी चाळ पुनर्विकास'. जमीन त्यांची नव्हती. पागडीच्या इमारतींतही जमीन भाडेकरूंची नसते, तिथेही पुनर्विकासच. मग शब्द मालकीवर ठरत नाही. फार तर 'भाडं भरत होते, अधिकृत होते' यावर ठरतो असं म्हणा.

त्याहून गमतीचं पुढे आहे. झोपडपट्ट्यांचा मूळ कायदा १९७१ चा, त्याचं नाव 'महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम'. १९९१ च्या योजनेच्या नावातही पुनर्विकासच होता. 'पुनर्वसन' ठळक झालं १९९५ मध्ये, मोफत घरांची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं तेव्हा. म्हणजे ज्या क्षणी घर मोफत झालं त्याच क्षणी शब्द बदलला. हा योगायोग असू शकतो, पण मला शंका आहे.

दिवाभीत

धारावी? ती झोपडपट्टी असून 'धारावी पुनर्विकास प्रकल्प' आहे.

तळटीप

बरोबर, अपवाद आहे. तिथे जमिनीचा भाव इतका की पुनर्वसन म्हणायला कुणाची जीभ वळली नसेल.

व्युत्पत्ती म्हणाल तर 'पुनर्वसन'मधला 'वस्' म्हणजे राहणं. वस्ती, वसाहत, वसतिगृह सगळे त्याचेच. पुन्हा वसवणं. पण मराठीत तो शब्द धरणग्रस्तांच्या मागे कोयनेपासून चालत आलाय, म्हणून त्याला 'ग्रस्त'चा रंग आहे. ज्याचं पुनर्वसन होतं तो आधी कशाने तरी उखडलेला असतो. पुनर्विकास इमारतीचा होतो, पुनर्वसन माणसाचं. सोसायटीत जुनी झाली ती इमारत. झोपडपट्टीत दुरुस्त करायचा तो माणूस.

मापाडी

जाता जाता 'चटई क्षेत्र', म्हणजे 'कार्पेट एरिया', घराच्या आतलं माप. इंग्रजीतला गालिचा मराठीत येताना चटई झाला, हे मला फार आवडतं. रिहॅबच्या घराचं माप १८० चौरस फुटांवरून २२५, मग २६९, मग ३०० झालं. गालिचा ३०० फुटांत शोभणार नाही, चटई बरोबर बसते. पण घोळ असा की 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणजे एफएसआय, भूखंडावर एकूण किती बांधता येतं त्याचं प्रमाण; त्याचा घरातल्या चटईशी संबंध नाही. सभेत निम्मे लोक एक धरून बोलतात, निम्मे दुसरं.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक मोठा फरक सुटतोय. आपल्याकडची ही सगळी घरं शेवटी मालकीची होतात. इथलं सोशल हाउसिंग मुख्यतः भाड्याचं. मालक काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशन, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी. त्यामुळे 'भाडं' हा शब्द मराठीत आणलाच पाहिजे, नाहीतर वाचक म्हाडाची सोडत समजेल. मी 'सवलतीच्या भाड्याची घरं' म्हणेन.

बाकी भांडणं तीच. २०१४ च्या सुमारास इथे 'पुअर डोअर'वरून गदारोळ झाला: एकाच नव्या इमारतीत पूर्ण किमतीवाल्यांना संगमरवरी लॉबी, सवलतवाल्यांना गल्लीतून वेगळं दार. बिल्डरांचं उत्तर असं की लॉबीचा आणि दारवानाचा खर्च सर्व्हिस चार्जमधून जातो, तो या लोकांवर लादायचा नाही म्हणून दार वेगळं. कोथिंबीर_वडींचा मेंटेनन्स तो हाच. याला मराठीत काय म्हणू?

दिवाभीत

'मागचं दार' नको, त्यात वशिला येतो. दिंडी दरवाजा?

तळटीप

नाही हो. दिंडीतून वाड्यातले सगळेच वाकून ये-जा करायचे, मोठा दरवाजा हत्ती-पालखीला. ते दार लहान असेल, अपमानाचं नव्हे. 'गरिबांचं दार' सरळ म्हणा. इंग्रजीतही तो शब्द झोंबावा म्हणूनच केलाय.

गल्ली_नंबर_तीन

आमच्याकडे त्याला नाव नाही. "तिकडून या" म्हणतात.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. पहिल्या उल्लेखात 'सवलतीच्या भाड्याची घरं', पुढे 'सवलतीची घरं'. दाराला 'गरिबांचं दार'.

ही चर्चा वाचून मसुदा पुन्हा उघडला आणि एक सापडलं. मूळ लेखात दोन्ही गटांना एकच शब्द आहे, 'रेसिडेंट्स'. मी लिहून ठेवलं होतं: 'नव्या प्रकल्पातील रहिवाशांना सवलतीच्या घरांतील भाडेकरूंबद्दल काय वाटते'. लेखात असं कुठेही नाही, ते माझ्या हातून आलं. आता 'पूर्ण किमतीच्या घरांतील रहिवाशांना सवलतीच्या घरांतील रहिवाशांबद्दल' असं केलंय. वाक्य लांबलंय, संपादक कापणार. कापताना कुठला 'रहिवासी' आधी उडवतात ते कळवते.